पोस्टरातली मिस रत्ना

१

विहिरीत बाई सापडली, पण तालुक्यात एकही बाई कमी नव्हती.

एकाहत्तर सालचा मे महिना. खोपोलीच्या अलीकडे जत्रेचा माळ आहे, त्याच्यामागे एक बिनकठड्याची पडीक विहीर होती. पाणी तळाला गेलं म्हणून गाळ काढायला माणसं उतरली आणि उतरली त्यापेक्षा दुप्पट वेगानं वर आली. गाळात हाडं होती. मनगटाच्या हाडांत हिरव्या काचेच्या बांगड्या, घोट्यापाशी चाळ, आणि कवटीजवळ एक नथ. नथ पार हिरवीगार पडली होती, खालच्या टोकाला काचेचा एक मणी लोंबत होता.

फौजदारांनी नाकाला रुमाल लावून निकाल दिला, "बाई."

"पुरुष," मागून कुणीतरी म्हणालं.

ते आमचे बुबेरे डॉक्टर. अब्दुल रज्जाक बुबेरे, गुरांचे डॉक्टर, कर्जतला माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहतात. शेजारच्या गोठ्यात म्हैस अडली होती म्हणून आले होते, मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून हवा खायला आलो होतो. हवा मला लगेच पुरे झाली.

"डॉक्टर, म्हशींचं तुम्ही बघा," फौजदार म्हणाले.

"बघून आलो. रेडी झाली. ते कमरेचं हाड बघा, किती अरुंद आहे. यातून मूल काय, मांजर बाहेर येणार नाही."

फौजदार हसले. आठवड्यानं अलिबागच्या सिव्हिल सर्जननी तेच लिहून पाठवलं तेव्हा हसायचं थांबले. पण माळावरच्या माणसांना अलिबागची गरज पडली नाही. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं नथीकडे बोट केलं आणि पुटपुटला, "पुरुष... अन् नाकात नथ... आरं, ही तर मिस रत्ना!"

सगळी गर्दी एक पाऊल मागं सरकली. मी दोन.

२

ज्यांनी छप्पन्न साल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. या भागात त्या वेळी रत्नप्रभा व्हरायटी पार्टी फिरायची. जादू, नकला, सायकलवरच्या कसरती, आणि शेवटी मिस रत्नाची लावणी. पार्टीत बायका एकूण पाच, सगळ्या मिशा काढलेल्या. आणि हे लपवायचं सोडून मालक ते पोस्टरावरच छापायचे. गुलाबी कागद, मधोमध नऊवारीतल्या रत्नाचा फोटो, आणि खाली ठळक टायपात, 'ही बाई नाही! पाहा आणि खात्री करा!' त्याखाली बारीक, 'नाजूक काळजाच्या मंडळींनी पुढे बसू नये.' मी पुढे बसलो होतो. खात्री झाली नाही.

ही रत्ना म्हणजे नडोद्याचा सखा. सखाच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं हा जन्मताच मुलगी आहे असं देवाला भासवून त्याचं नाक टोचलं. देव फसला. पुढं प्रेक्षकही फसले. बाकीचे नट चापाच्या नथी लावायचे, सखा खरी नथ घालायचा.

छप्पन्न साली खोपोलीचा खेळ झाला आणि दुसऱ्या सकाळी सखा गायब. मालक गजाननशेठ यांनी फिर्याद दिली, सखा स्वतःच्या बायकोच्या सोन्याच्या नथीसह मुंबईला पळाला. संध्याकाळी कर्जतला खेळ होता. त्यात मिस रत्ना म्हणून पदू उभा राहिला, आणि पार्टी बंद होईपर्यंत पदूच मिस रत्ना राहिला.

तर सखा मुंबईला गेला नव्हता, दोनशे पावलंही गेला नव्हता. आणि त्याच्या जाण्यानं कुणाचं भलं झालं, हे सांगायला फौजदाराची गरज नव्हती. तरी ते म्हणाले.

"पदू. चौक गावात भज्यांचं हॉटेल आहे तो. सोमवारी उचलतो."

ती बातमी चौकात पोचायला भज्यांचा घाणा तळून व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला. शुक्रवारी दुपारी पदूची बायको गोदूबाई अनवाणी कर्जतला आली आणि डॉक्टरांच्या दारात बसली.

"डाक्टर, त्यास्नी बघाय चला. जेवत नाय, झोपत नाय. आज घासलेटचा डबा कुशीत घेऊन बसलाय."

"बाई, मी गुरांचा डॉक्टर."

"मंग बराय. माणसांच्या डाक्टराशी त्यो बोलत नाय. म्हनतो, फासावर जाऊ दे, पर त्याच्या आदी सखा मला खाऊन टाकनार हाय. रोज थोडा थोडा खातोय."

३

पदूच्या हॉटेलाचं स्वयंपाकघर भर दुपारीही काळोखं. चुलीच्या धुरानं भिंती डांबरासारख्या. पदू पिठाच्या डब्याला टेकून बसला होता. पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, पण भुवया अजून कोरल्यासारख्या.

"पदूशेठ," डॉक्टर म्हणाले, "कोण खातंय तुम्हाला?"

पदूनं न बघता डब्यामागं बोट केलं.

डब्यामागं भिंतीला टेकून पोस्टर उभं होतं. गुलाबी रंग उडालेला. 'कर्जत येथे एकच खेळ.' नऊवारीतली रत्ना, इथं पदूच, कमरेवर हात ठेवून उभी. आणि तिच्या चेहऱ्याला भोकं पडली होती.

मी वाकलो आणि वाकल्याचा पश्चात्ताप केला. भोकांतून मागची भिंत दिसत नव्हती. भोकांतून दुसरा चेहरा बघत होता. पदूच्या कपाळाखाली एक वेगळाच डोळा, मोठा, काजळ घातलेला. पदूच्या गालाच्या जागी दुसराच गाल. ओठ अर्धे याचे, अर्धे त्याचे.

"सखा," पदू म्हणाला. "हाडं गावली त्या दिसापासनं येतोय. पयला डोळा आला. मंग कानाकडनं सुरू केलं. काल नाकाशी पोचला. आज बगा, नथ दिसाय लागली."

खरंच दिसत होती. नथीखाली एक मोती लोंबत होता, अगदी ओठाला टेकलेला.

"हे भिंतीला नव्हतं का, पुढच्या बाजूला? काचेत?" डॉक्टरांनी विचारलं. "मी चहाला आलोय इथं."

"व्हतं की. पंधरा वरसं व्हतं. हाडं गावली तशी भीती वाटली, म्हनून काचेतनं काढून हितं लपवलं. तर त्यानं हितंच धरला मला." पदूनं कुशीतला डबा आणखी घट्ट धरला. "डाक्टर, मी त्याला हात नाय लावला वो. त्यानंच मला नेसाय शिकवलं. त्यो खेळातनं आला, त्वांड पुसलं, म्हनला जरा जाऊन येतो. बास. मी झोपलो. माजं कोन ऐकनार? सोमवारी फौजदार नेनार. त्याच्या आदी ह्यो पुरा बाहेर आला, तर?"

"जाळलं का नाही मग?"

"सांगितलंय तसंच. आज जाळनार व्हतो. ह्ये बगा, घासलेट आनून ठेवलंय."

"कुणी सांगितलं?"

"गजाशेठ. लई मायाळू मानूस. कालच येऊन गेले, म्हनले वकिलाचं मी बगतो, तू फक्त ही अवदसा जाळून टाक."

गोदूबाईनं सुस्कारा टाकला. ती नवऱ्याकडे बघत होती की पोस्टराकडे, हे मला कळलं नाही.

डॉक्टर पोस्टराजवळ उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि गाईचा जबडा तपासावा तसं त्या चेहऱ्याच्या कडा तपासू लागले. तेवढ्यात सखाचा उरलेला गाल हलला.

हो, हलला. मी सरळ बाहेर आलो आणि मोटारसायकल नुसती बघत उभा राहिलो, कारण मला ती चालवता येत नाही.

४

बाहेर येऊन डॉक्टर मला काही बोलले नाहीत. पदूला मात्र सांगून आले, "जाळू नका. आजच्या दिवसात त्याला काय खायचं ते खाऊ द्या. आणि तो डबा वहिनींकडे द्या." हे ऐकून पदू आणखी पांढरा पडला.

नडोद्याला सखाची बायको भागी राहते. पंधरा वर्षं चोराची बायको म्हणून काढली, आता एका रात्रीत विधवा झाली होती. अंगणात बसून ती नाचणी पाखडत होती.

"फौजदारानं नथ दाखीवली," ती म्हणाली. "मी म्हनलं, ही माजी न्हवं. माजी सोन्याची. माज्या आईची. नथ ल्हान व्हती म्हनून आईनं खाली एक मोती लोंबता सोडलावता. समद्या गावात तसली दुसरी न्हवती."

"ती नथ सखा घरी ठेवायचा?"

"नाय बा. खेळापुरती नाकात. खेळ झाला की शेठच्या पेटीत. कुलूप त्यांचंच." सूप थांबलं. "येक सांगू का डाक्टर? शेवटचं घरी आला तवा लई गप व्हता. जाताना म्हनला, भागे, कर्जतच्या खेळाला नक्की ये. फुडं बस. तुजी नथ मी समद्यांच्या देखत मागून घेनार हाय."

"मागून? कुणाकडून?"

"त्येच मला नाय कळलं. नथ तर त्याच्याच नाकात असनार. मी गेले, फुडं बसले. पडदा उघडला अन् पदू आला."

"तुमच्याकडे सखाचा फोटो आहे का?"

"आमच्याकडं कशाचा फोटो?" भागी म्हणाली. "तोंड इसरत चाललेय मी त्याचं. आदी चोर म्हनून आठवायचं नाय ठरवलं. आता आठवावं म्हनते, तर येत नाय."

आणि ती पुन्हा पाखडायला लागली. सुपाचा तो आवाज आम्ही पार रस्त्याला लागेपर्यंत ऐकत होतो.

५

गजाननशेठांची भातगिरणी कर्जतला स्टेशनाकडच्या अंगाला. गिरणी मुळात सासऱ्यांची. पार्टी बंद करून शेठ जावई झाले, मग मालक झाले, मग गावच्या प्रत्येक समितीचे अध्यक्ष. आम्ही गेलो तेव्हा ते सखाच्या दहाव्याचा खर्च स्वतः करण्याविषयी कुणाला तरी सांगत होते.

"सख्या भावासारखा होता हो," आम्हाला बसवून ते म्हणाले. "त्या सकाळी खोपोलीत उठलो, तर हा नाही. संध्याकाळी कर्जतचा खेळ! आभाळ कोसळलं. बरं, कल्पना तरी असावी? छे. ऐन वेळी पदूला उभा केला. पदू गरीब हो. त्यानं केलं असेल असं मला वाटत नाही." जरा थांबले. "त्याला रत्नाचं काम हवं होतं, एवढं खरं. पण म्हणून कुणी..."

असं अर्धं वाक्य पुऱ्या वाक्यापेक्षा महाग पडतं.

"ते पोस्टर जाळायला सांगितलंत?" डॉक्टर चहाची बशी फिरवत म्हणाले.

"मग काय! भीतीनं मरेल तो. विकत घेतो म्हटलं, तरी देईना."

मी मान वर केली ती उगीचच, नजर कुठं ठेवावी ते कळेना म्हणून. भिंतीवर शेठांच्या लग्नाचा मोठा फोटो होता. शेठ टोपीत. शेजारी जयावहिनी मुंडावळ्यांत, घाबरलेल्या. नाकात नथ. नथीखाली एक मोती ओठांवर लोंबत होता, जणू वहिनींना काही बोलायचं होतं आणि तो बोलू देत नव्हता.

माझ्या हातातला चहा बशीत आला. बशीतून धोतरावर आला. डॉक्टरांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"फार छान फोटो," ते म्हणाले. "लग्न कधीचं?"

"छप्पन्नचंच. कर्जतच्या त्या खेळाला सासरे पहिल्या रांगेत बसले होते. नंतर महिन्यानं लग्न." शेठ हसले. "पसंती नाटकाला होती की मला, देव जाणे. साखरपुडा आधीच झालेला."

बाहेर पडताना शेठांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शेजारी, जपून जा. चेहरा उतरलाय तुमचा."

तो हात मी घरी जाऊन दोनदा धुतला, खांदा तीनदा.

६

"आता सांगा," मोटारसायकलवर मी ओरडलो. "गाल हलला का नाही?"

"हलला."

"मग?"

"झुरळ होतं."

मी चालत्या गाडीवर पाय जरा वर घेतले.

"माझ्या दवाखान्यात बाटल्यांवरची लेबलं नेहमी अशीच जायची," डॉक्टर म्हणाले. "कागदाला कुणी हात लावत नाही, खळ लावलेली असते तेवढंच खातात. पदूनं पोस्टर काचेतून काढलं आणि नेऊन ठेवलं कुठं, तर हॉटेलातल्या पिठाच्या डब्यामागं. झुरळांना घरपोच जेवण. पण प्रश्न झुरळांचा नाही. सगळ्या पोस्टराला खळ नव्हती, ते कधी भिंतीवर डकवलंच नव्हतं, थेट काचेत गेलं. मग फक्त चेहऱ्याला खळ का?"

चौकात टेंपोखाली झोपून काम करत होता तो रमजान. पार्टीत पेटी वाजवायचा, आणि पार्टीच्या पुढं जाऊन पोस्टरंही तोच लावायचा. पाय धरून डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं.

"चिठ्ठी म्हणायचो आम्ही त्याला, डॉक्टरसाब," रमजान हात पुसत म्हणाला. "नट आजारी पडतात, भांडतात, पळतात. दर वेळी नवीन पोस्टर कोण छापणार? नव्या नटाचं नुसतं तोंड छापून आणायचं, पातळ कागदावर. जुन्याच्या तोंडावर खळीनं डकवायचं. एका पोस्टरावर जादूगाराची तीन तोंडं होती, एकाखाली एक. उन्हानं सुटायला लागली, की कोण बाहेर येईल सांगता यायचं नाय."

"कर्जतच्या पोस्टरावर पदूची चिठ्ठी कुणी डकवली?"

"मीच की."

"कधी?"

रमजान बोलायला गेला आणि थांबला. पुसायचं फडकं तसंच हातात राहिलं.

"खेळाच्या आधी," तो हळू म्हणाला. "आम्ही खोपोलीला तंबू ठोकत होतो, तेव्हा शेठनं बंडल देऊन मला कर्जतला पाठवलं. सगळीकडं डकवून मी परत आलो, अन् त्या रात्री खोपोलीच्या खेळाला सखाच्या लावणीला पेटी वाजवली." त्यानं टेंपोला टेकून घेतलं. "मी सखाला बोललो नाय. म्हटलं, शेठचं अन् त्याचं ठरलं असेल काही. सकाळी तो नाय म्हटल्यावर वाटलं, बरोबर, ठरलंच होतं. या खुदा. पंधरा वर्षं मला वाटतंय, ठरलंच होतं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. "रमजान, हे तुम्ही आत्तापर्यंत कुणाला बोललात?"

"नाय."

"उद्या सकाळपर्यंत बोलू नका. आणि आजची रात्र टेंपो घेऊन बाहेर जाऊ नका."

ते ऐकून रमजान पुन्हा टेंपोखाली शिरला. मलाही त्याच्याशेजारी जागा आहे का, असं विचारावंसं वाटलं.

७

दुसऱ्या सकाळी पदूच्या हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. बाकांवर फौजदार, गजाशेठ, रमजान. भागी दारातच बसली, आत यायला तयार नव्हती. पदू चुलीमागं, अर्धा लपून. शेठांना डॉक्टरांनी निरोप दिला होता की पदू पोस्टर द्यायला तयार आहे. ते लगेच आले होते.

डॉक्टरांनी पोस्टर आणून टेबलावर उभं केलं. रात्रभरात झुरळांनी मनापासून काम केलं होतं. पदूचा आता हनुवटीचा तुकडा आणि एक भुवई उरली होती. बाकी सगळा सखा. मोठ्या डोळ्यांनी तो शेठांकडे बघत होता. तो सगळ्यांकडेच बघत होता खरं तर, पण शेठांनी बाकावरची जागा बदलली.

"नथ बघा," डॉक्टर म्हणाले. "भागीबाई, ही तुमची?"

भागी दारातून उठली. टेबलाशी आली. नथीकडे तिनं बघितलंच नाही, वरच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. माज्या आईचा मोती."

"अशी दुसरी नाही. मग हीच नथ शेठांच्या लग्नाच्या फोटोत जयावहिनींच्या नाकात कशी?"

फौजदारांनी शेठांकडे बघितलं. चुलीवरचं तेल तडतडलं.

"विहिरीतली नथ हिरवी झाली होती," डॉक्टर म्हणाले. "सोनं हिरवं होत नाही. ती पितळेची, हुबेहूब करून घेतलेली. काचेच्या मण्यासकट. खरी साखरपुड्यात शेठांच्या सासरी गेली, खोटी सखाच्या नाकात. सखाला ते कळलं. नाकात रोज घालणाऱ्याला वजन कळतं. आणि त्यानं शेठांनाही सांगितलं, कर्जतला सगळ्यांच्या देखत मागतो. सगळ्यांच्या म्हणजे पहिल्या रांगेतल्या सासऱ्यांच्याही देखत."

शेठांनी टोपी काढून बाकावर ठेवली. बोलले तेव्हा आवाज अगदी साधा, समितीत बोलतात तसा होता.

"लपवून काय करू आता. खेळ झाल्यावर त्याला समजवायला विहिरीकडे नेलं. म्हटलं, लग्न होऊ दे, दुसरी करून देतो. तो ऐकेना. नाकातली नथ काढून माझ्या तोंडावर मारायला गेला. मी हात धरायला पुढं झालो, तो मागं सरला. कठडा नव्हता, फौजदारसाहेब. पाय घसरला. अपघात झाला, आणि मी भ्यालो. एवढाच माझा गुन्हा."

फौजदारांचा चेहरा सैल पडला. माझाही. खरं सांगायचं तर मला ते पटलं, भित्र्या माणसाला भित्र्याचं पटतं.

"पदूशेठ," डॉक्टर वळले, "या चिठ्ठीवरचा तुमचा फोटो कधी काढला?"

चुलीमागून आवाज आला. "त्यो? पेनला खेळ व्हता तवा. शेठ म्हनले, गंमत म्हनून तूबी रत्ना हो, फोटू काढू. सखानंच मला नेसवलं. सोताचं काजळ लावलं, म्हनला, माज्यापरीस ग्वाड दिसतोस रं." पदू उभा राहिला. "मंग कर्जतला आलो तर भिताडांवर मीच. मला वाटलं, नशीब उघडलं आपलं. कुनी छापलं, कवा छापलं, डोक्यातच नाय आलं."

"तुमच्या नाही आलं, कुणाच्याच नाही आलं," डॉक्टर म्हणाले. "फोटो पेणला. त्याचा छापायचा ठसा मुंबईला झाला. तिथून चिठ्ठ्या छापून आल्या, त्या रमजाननं कर्जतला डकवल्या, तेव्हा सखा खोपोलीत जिवंत होता, रात्री लावणी नाचणार होता. फौजदारसाहेब, पोस्टर नटाच्या आधी गावात पोचतं, त्यासाठीच ते असतं. कर्जतच्या भिंतींना आदल्या दिवशीच ठाऊक होतं की सखा येणार नाही. सखाला ठाऊक नव्हतं, त्यानं बायकोला पुढं बसायला सांगितलं होतं. कल्पनाच नव्हती, आभाळ कोसळलं, असं सांगणाऱ्या माणसानं ते कोसळायच्या आधी छापून घेतलं होतं."

शेठांनी पोस्टराकडे हात नेला. कशासाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण हात पोचायच्या आधी सखाच्या डोळ्यातून एक झुरळ बाहेर आलं, शेठांच्या बोटांवरून चालत मनगटापर्यंत गेलं. शेठ असे किंचाळले की रमजान बाकाखाली गेला. मी आधीच तिथे होतो.

८

सोमवारी फौजदार चौकात आले ते भजी खायला. पदूला उचलण्याऐवजी त्यांनी दोन प्लेट उचलल्या, आणि जाताना डॉक्टरांना म्हणाले, "कमरेच्या हाडाचं मला तेव्हाच पटलं होतं."

जयावहिनींनी नथ स्वतः आणून भागीच्या ओटीत टाकली. दोघी काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं दोघींपैकी कुणाचंच चुकलेलं नव्हतं.

शेठ गजाआड गेले आणि पोस्टराचं कोर्टातलं काम संपलं, तशी भागी ते मागायला आली. पदूनं ते टेबलावर पसरलं. हनुवटीचा तुकडा आणि एक भुवई अजून त्याची होती.

"थांब गं वहिनी," तो म्हणाला.

त्यानं चहाच्या पातेल्यातलं कोमट पाणी वाटीत घेतलं, फडक्याचं टोक भिजवलं आणि हळूहळू आपली हनुवटी काढली. मग भुवई. पंधरा दिवस ज्या माणसाला वाटत होतं की आपला चेहरा खाल्ला जातोय, तो शेवटचा घास स्वतःच्या हातानं भरवत होता. खालून सखा पूर्ण आला. गाल जरा कुरतडलेला, पण हसत होता. खाली छापलेलं तसंच होतं, 'ही बाई नाही! पाहा आणि खात्री करा!'

भागीनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ह्योच," ती म्हणाली. "असाच व्हता."

ती गेल्यावर गोदूबाईनं झुरळांचं औषध काढलं आणि पिठाच्या डब्यामागं मारायला वाकली. पदूनं तिच्या हातातून डबी घेतली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, आणि चिमूटभर पीठ मुद्दाम खाली सांडलं.

म्हणून सांगतो, चौकात पदूकडे भजी उत्तम मिळतात. स्वयंपाकघरात मात्र डोकावू नका.